हरभरा संकर नोंदवही: पालकवाण ठरवताना

या हंगामात हरभऱ्याच्या सहा वाणांच्या प्रत्येकी चार ओळी लावल्या होत्या. घाट्यांनी लगडलेले झाड दिसेल तेच पालक म्हणून घ्यायचे, असे सुरुवातीला ठरवले होते. परंतु मळणीनंतर नोंदी पडताळल्या, तेव्हा भरघोस वाटलेली बहुतेक झाडे कडेच्या ओळींतील निघाली, म्हणजे ती जादा ऊन आणि जागेची किमया होती. शंभर दाण्यांचे वजन मात्र एकाच वाणात कडेला आणि मध्ये जवळपास सारखे भरले. हा गुण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याने टपोऱ्या दाण्यासाठी मी तोच आकडा धरला.

पितृवाण म्हणून जेजी ६२ घेतला, कारण त्याच्या एकाच पेरावर दोन घाटे धरतात. तो मर रोगाला इतका बळी पडतो की रोगाच्या चाचण्यांत संवेदनशील वाण म्हणून तुलनेसाठी मुद्दाम लावला जातो. त्यामुळे जोडीदार मर-प्रतिकारक असणे भागच होते. मातृवाण पांढऱ्या फुलांचा काबुली निवडला तो आणखी एका कारणाने. जेजी ६२ ची फुले गुलाबी आणि हा रंग पांढऱ्यावर प्रभावी असल्याने मातेच्या झाडावरील बियांपासून गुलाबी फुले आली तर संकर साधला, पांढरी आली तर स्वपरागण झाले, असा सरळ निवाडा होतो. दाण्याकडे पाहून काही कळत नाही, कारण बीजावरण मातेचेच असते.

प्रत्यक्ष कामात पहिल्या ११ कळ्या वाया गेल्या. पाकळ्या अलगद बाजूला करताच चिमट्याच्या टोकाला पिवळी भुकटी लागली. हरभऱ्यात फूल उमलण्याआधीच परागकोश फुटतात, हे पुस्तकात वाचूनही मी उशीर केला होता. पुढे निदलांबाहेर पाकळीची कड जेमतेम डोकावणाऱ्या कळ्या घेतल्या आणि दहाही पुंकेसर मोजून काढले. अशा ३४ कळ्यांतून ५ घाटे आणि ७ दाणे हाती आले. मला हे कमी वाटत नाही.

जोडघाट्याचा गुण अप्रभावी आहे, त्यामुळे पहिल्या पिढीत तो दिसणार नाही. दुसऱ्या पिढीत साधारण चारांतील एका झाडावर त्याची अपेक्षा आहे. सातांतील एक दाणा सुरकुतलेला आहे. तोही पेरणार आहे, पण वेगळ्या कुंडीत.