परसातल्या कोंबड्या आणि खुराड्याची कडी

जुळे सोलापूर, सैफुल, बाळे, शेळगी अशा भागांत घरामागे थोडी मोकळी जागा राखून असलेली बरीच घरे अजूनही आहेत आणि त्यांतल्या काही घरांत चार-सहा गावरान कोंबड्या असतातच. अशा घरांतून हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे मांजराने पिल्ले नेली. ही तक्रार खोटी नसते. मात्र सगळा दोष मांजरावर टाकून मोकळे झाले की खरा चोर कोण हे पाहायचे राहून जाते, भलतीकडेच बंदोबस्त होतो आणि काही दिवसांनी पुन्हा खुराड्यासमोर पिसे पडलेली दिसतात.

म्हणून आधी खुणा नीट पाहाव्यात. मांजर एखादे पिल्लू उचलते आणि आडोशाला घेऊन जाते. जागेवर फारसे काही उरत नाही. पूर्ण वाढ झालेल्या कोंबडीच्या वाटेला ते सहसा जात नाही, आणि पिल्लांची आई पिसे फुलवून अंगावर धावली तर चांगला दांडगा बोकाही मागे सरतो. दोन-तीन कोंबड्या मानेला चावे घेतलेल्या अवस्थेत जागीच मरून पडल्या असतील, तर मुंगसाचा संशय धरावा, कारण ते आत शिरले की खाण्यापुरतेच मारून थांबेल याचा भरवसा नसतो. अंड्यांची फुटकी टरफले सांडलेली असतील तरीही संशय त्याच्यावरच जातो. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील तर साप येऊन जात असावा. पिल्ले रोज एकेक करून कमी होत असतील आणि खुराड्याच्या कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसत असेल, तर ती घूस होय. दार मोडलेले आणि कोंबड्या अंगणभर फाडून टाकलेल्या, हे काम भटक्या कुत्र्यांचे. नान्नज-मार्डीकडे माळढोक अभयारण्याच्या आसपास ज्यांच्या वस्त्या आहेत, त्यांना कोल्हा, खोकड आणि लांडगा यांचाही विचार करावा लागतो. शहरालगतच्या वसाहतींत मात्र रिकाम्या प्लॉटांवर माजलेली वेडी बाभूळ हेच मुंगसांचे आणि रानमांजरांचे घर असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की शहरातल्या परसात बंदोबस्ताची सुरुवात दाण्याच्या भांड्यापासून व्हायला हवी. आपण संध्याकाळी ज्वारी किंवा मक्याचा भरडा टाकतो, कोंबड्या त्यातला निम्मा खातात आणि उरलेला रात्रभर तसाच पडून राहतो. त्या दाण्यावर उंदीर आणि घुशी येतात, त्यांच्या मागावर मांजर येते, त्यांच्याच वासाने धामण येते, आणि एकदा ही वाट पायाखालची झाली की शेजारी झोपलेली पिल्ले त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. म्हणजे मांजर मुळात उंदरासाठी आलेले असते. सूर्य मावळण्याआधी भांडे उचलून धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि सांडलेले दाणे झाडून घेतले, तर निम्मी वर्दळ आपोआप थांबते. रोजची अंडी त्याच दिवशी काढून घेणे हाही याच शिस्तीचा भाग आहे.

यानंतर जाळीचा प्रश्न येतो. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबडी आत राहावी यासाठी असते. बाहेरच्या जनावराला अडवण्याची ताकद तिच्यात नसते आणि कुत्रा तर ती दातांनी सहज फाडतो. त्याऐवजी अर्धा इंची चौकोनी छिद्रांची, जाड तारेची, वेल्डिंग केलेली जाळी घ्यावी. ती महाग पडते हे मान्य आहे, परंतु सोलापुरात तिला पर्याय नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेला की चारही बाजूंनी पत्रा ठोकलेल्या खुराड्यात कोंबड्या उष्माघातानेच मरतील, त्यामुळे हवा खेळती ठेवून जनावर रोखायचे असेल तर किमान दोन बाजू जाळीच्याच असाव्या लागतात.

जमिनीखालून होणारी घुसखोरी रोखण्यासाठी जाळी फूटभर खोल गाडावी असे सर्वत्र सांगितले जाते. आपल्याकडच्या काळ्या मातीत एवढ्याने भागत नाही, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि घुशीला त्या भेगांची आयतीच वाट मिळते. खुराड्याभोवती मुरूम घट्ट बसवून त्यावर दीड-दोन फूट रुंदीच्या शहाबादी फरश्या भिंतीला लागून अंथरणे मला अधिक भरवशाचे वाटते. उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला बघते. तिथे फरशी लागली की बहुतेक वेळा ते नाद सोडते. फुटक्या फरश्याही या कामाला चालतात.

जाळी उत्तम असूनही एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे रात्री ती बसल्या जागेवरून हलत नाही. बसायची दांडी जाळीला चिकटून असेल आणि छिद्रे मोठी असतील, तर मांजर बाहेरूनच पंजा आत घालते, नखे पिसांत अडकवते आणि कोंबडीला जाळीकडे ओढते. सकाळी जाळी शाबूत असते, दार बंद असते आणि कोंबडीचा पाय किंवा मान रक्ताळलेली दिसते. दांडी जाळीपासून फूटभर आत घ्यावी आणि लहान पिल्लांच्या कप्प्याला खालच्या बाजूने दीड-दोन फूट उंचीपर्यंत फळी किंवा पत्रा लावावा.

कोंबड्या दिवेलागणीला स्वतःहून खुराड्यात परततात. त्यांच्यामागे दार लावणे हे माणसाचे काम आहे. वरून नुसती टाकलेली कडी कुत्र्याच्या धक्क्याने उघडते, म्हणून कोयंड्यात खिट्टी अडकवावी. धोका असतो तो सगळे घर बाहेर असते त्या संध्याकाळी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, विशेषतः शोभेचे दारूकाम पाहायला होम मैदानावर जाताना, परतायला रात्र होणारच हे धरून शेजाऱ्यांना दार लावायला सांगून जावे.

दिवसाचे धोके वेगळे असतात. घार आणि शिक्रा वरून झडप घालतात, कावळेही लहान पिल्ले उचलतात. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना आईसह डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या मोठ्या टोपलीखाली, किंवा वरून शेडनेट बांधलेल्या आवारातच फिरू द्यावे. डालगे हलके असते, त्यावर दगड ठेवावा. मात्र रात्री डालग्याच्या भरवशावर पिल्ले बाहेर ठेवू नयेत, कारण त्याच्या विणीतून मांजराचा पंजा सहज आत जातो.

काही जण चिडून मटणाच्या तुकड्यात विष घालून ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते विष मांजरच खाईल असे नसते. ते कुत्रा खातो, घार उचलते आणि कधी आपलीच कोंबडी टोचते. जनावराला विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि मुंगूस, घोरपड व रानमांजर यांना तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. मांजर शेजारचे असेल तर सरळ बोलावे. आमच्या शेजारच्या काकू आधी “आमची मनी तसली नाही हो,” असे म्हणाल्या होत्या. परंतु भांडणाचा सूर न लावता पिल्ले किती लहान आहेत ते त्यांना आणून दाखवल्यावर त्यांनी मनीला संध्याकाळी लवकर जेवण घालून रात्री घरातच ठेवायला सुरुवात केली. मांजराची नसबंदी करून घेतली तर त्याचे भटकणेही कमी होते, विशेषतः बोक्यांचे, आणि हे काम पशुवैद्यकाकडून करून घेता येते.