खो-खो सराव ॲप, प्रगतीची नोंद: गुणलेखकाची वही, मुलांच्या चाचण्या आणि स्तंभावरचा सूर

या टप्प्यात ॲपमधलं गुणलेखन वापरण्याजोगं झालं आहे, सरावाच्या ताणाची नोंद अर्ध्यावर आहे, आणि व्हिडिओवरून सूर (गडी टिपायला आक्रमकानं मारलेली झेप) आपोआप तपासायचा बेत तूर्त बाजूला ठेवला आहे. तिन्ही निर्णय मैदानावर ॲप हाताळणाऱ्यांकडे बघून घेतले आहेत. कबड्डी किंवा मल्लखांबाचं ॲप हौसेनं करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उचलता येईल.

फोन असतो कुणाकडे?

सराव चालू असताना खेळाडूजवळ फोन नसतोच. तो सरांच्या खिशात असतो नाहीतर पिशवीवर पडलेला असतो, आणि सामन्यात गुणलेखकाच्या टेबलावर. म्हणून पडदे माणसांप्रमाणे तीन केले: सरावाआधी सरांसाठी, डाव चालू असताना गुणलेखकासाठी आणि घरी गेल्यावर खेळाडूसाठी. घरचा फोन बहुतेक वेळा आई-वडिलांचा असतो. खातं मोबाइल नंबरवर बांधलं की एकाच घरातल्या दोन बहिणींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे आता एका फोनवर कितीही खेळाडू, आणि प्रत्येकाची ओळख नाव व बनियन क्रमांकानं.

वेळ: इथेच सगळं अडतं

सर्वात जास्त काम गुणलेखकांबरोबर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. खो-खोच्या गुणपत्रिकेत प्रत्येक संरक्षकापुढे दोन वेळा असतात. एक डावाच्या घड्याळावरची, दुसरी त्याची स्वतःची. तुकडीतल्या तिघांची स्वतःची वेळ एकाच क्षणापासून मोजतात. पहिली तुकडी शून्यावर उतरली आणि गडी 1.40, 2.10 व 3.05 ला बाद झाले, तर प्रत्येकाची स्वतःची वेळ घड्याळावरचीच. पुढच्या तुकडीतला पहिला गडी घड्याळात 4.00 असताना बाद झाला, तर त्याचं संरक्षण 55 सेकंद.

आता हेच आकडे दशांश म्हणून साठवले तर 4.00 वजा 3.05 म्हणजे 0.95 येतं. वहीतल्या 2.10 चा अर्थ 2 मिनिटं 10 सेकंद, हे गुणलेखकाला सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं. त्यात स्प्रेडशीट 1.50 चं 1.5 करून टाकते, आणि मग ते 1 मिनिट 5 सेकंद की 50 सेकंद, हे कुणालाच कळत नाही. उपाय साधा आहे: आत फक्त पूर्ण सेकंद साठवायचे, 2.10 हे रूप पडद्यापुरतं ठेवायचं आणि फाइल बाहेर काढताना मिनिट व सेकंद असे दोन वेगळे रकाने द्यायचे.

घड्याळाबद्दल आणखी एक. फोनची भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ वापरू नका, कारण नेटवर्क ती मध्येच दुरुस्त करतं आणि चालू डाव दोन सेकंद मागे-पुढे होतो. अँड्रॉइडवर फोन सुरू झाल्यापासूनचा अखंड काळ मिळतो, तो घ्या. दर सेकंदाला आकडा वाढवत बसण्याऐवजी डाव सुरू झाल्याची खूण ठेवून वजाबाकी करा, आणि प्रत्येक बाद त्याच क्षणी फाइलमध्ये लिहा. सामन्यात फोन येतोच. तेव्हा ॲप मागे गेलं किंवा बंद पडलं तरी डाव बुडता कामा नये.

पडद्यावर आता तीनच मोठी बटणं आहेत, मैदानातल्या तुकडीचे तीन क्रमांक. गडी बाद झाला की बटण दाबायचं. तिसरा बाद झाला की पुढची तुकडी आपोआप येते. कुणी मारला, साध्या स्पर्शानं की सूर मारून, स्तंभात की आकाशीय सुरानं, हे डाव संपल्यावर भरता येतं. हे सगळं लगेच विचारलं तर गुणलेखकाची मान खाली जाते आणि पुढचा गडी कधी बाद झाला ते निसटतं. बटण दाबल्यावर फोन थरथरतो, त्यामुळे नजर मैदानावरून काढावी लागत नाही.

पंचांनी आक्रमकाचा फाऊल देऊन बाद रद्द केला, तर फक्त ती नोंद पुसली जाते, घड्याळ चालूच राहतं. 'मागे घ्या' या बटणानं घड्याळही मागे नेलं तर अख्खा डाव चुकतो. हे बटण तिन्ही क्रमांकांपासून लांब, खालच्या कोपऱ्यात ठेवलं आहे.

बटणांचा आकार: अँड्रॉइडची शिफारस 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. घामेजल्या, मातीनं माखलेल्या बोटांना ते पुरत नाही. 15 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. उन्हात राखाडीवर पांढरं दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक निदान 7:1 हवा, आणि दुपारच्या सामन्याला पांढऱ्यावर काळंच बरं.

नियम मात्र कोडमध्ये कोरू नका. नेहमीच्या सामन्यात पाळी 9 मिनिटांची, अल्टिमेट खो खो या व्यावसायिक लीगमध्ये 7 मिनिटांची. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यानंतर मुलं 'ड्रीम रन'चे, म्हणजे तुकडी ठरावीक वेळ टिकल्याचे, गुणही मागतात. पाळीचा वेळ, बादचे गुण, टिकण्याचे गुण हे सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये आहे. सर ती सामन्याआधी निवडतात.

वापरणाऱ्यांना विचारायचं कसं

'ॲप आवडलं का?' या प्रश्नाला बारा-चौदा वर्षांची मुलं 'छान आहे सर' एवढंच म्हणतात. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची पट्टी दिली तर सगळे सर्वात हसरा चेहरा निवडतात. उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. एक, मुलांच्या जोड्या लावायच्या: एकीनं वापरून बघायचं आणि मग दुसरीला शिकवायचं. शिकवताना ती जिथे थांबते किंवा 'हे सोड, हे नाही दाबायचं' म्हणते, तिथे पडदा चुकलेला असतो. दोन, प्रत्येक भागापुढे 'हे पुन्हा करशील?' असं विचारून हो, कदाचित, नाही यांतलं एक निवडायला सांगायचं. इथे मुलं खरं बोलतात.

गुणलेखक आणि सरांसाठी कामाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. नमुन्यादाखल: 'तुकडीतला दुसरा गडी बाद झाला, पंचांनी लगेच रद्द केला, नोंद दुरुस्त करा.' चिठ्ठी द्यायची आणि गप्प बसायचं. मदतीला हात पुढे केला की चाचणी संपली. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2000 साली एका फेरीला पाच जण पुरेत असं मांडलं, ते एका प्रकारच्या वापरणाऱ्यांपुरतं आहे. गुणलेखक, सर आणि खेळाडू हे तीन वेगळे प्रकार. प्रत्येकातले तीन-चार जण घ्या, दुरुस्ती करा आणि मग पुढची फेरी. एकदम वीस जणांना बसवून काही हाती लागत नाही, त्याच त्या अडचणी वीसदा ऐकू येतात.

पहिल्या फेरीला कोड लागतही नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पडदे काढा आणि बोटानं दाबायला सांगा. कागदावरचं चित्र खोडून बदलायला मुलं कचरत नाहीत. चकचकीत पडद्याला नावं ठेवायला कचरतात.

वेळेची अचूकता तपासायला सराव सामन्यात दोन गुणलेखक शेजारी बसवा, एकाकडे वही आणि स्टॉपवॉच, दुसऱ्याकडे ॲप. डावानंतर संरक्षणाच्या वेळा जुळवा. दोन सेकंदांपर्यंतचा फरक माणसाच्या हाताचा. त्याहून जास्त आणि एकाच बाजूला झुकणारा असेल तर बटणाची जागा किंवा घड्याळ तपासा.

मोठ्यांसाठी, ॲप वापरायला किती सोपं ते मोजणारी जॉन ब्रूक यांची दहा विधानांची प्रश्नावली चालते. प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण द्यायचे: विषम विधानांच्या गुणांतून 1 वजा, सम विधानांचे गुण 5 मधून वजा, बेरजेला 2.5 नं गुणायचं. 100 पैकी 68 च्या आसपासचा आकडा मध्यम. सम विधानं नकारार्थी असतात, मराठीत ती वाचताना लोक गोंधळतात. मोठ्यानं वाचून दाखवा.

ताणाची नोंद

सरावाची मिनिटं गुणिले 0 ते 10 मधला 'किती दमलास' हा आकडा, हे कार्ल फॉस्टर यांचं सूत्र. 90 मिनिटं आणि 6 असेल तर 540. आकडा सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं विचारायचा, नाहीतर शेवटच्या धावपळीचाच दम मोजला जातो. घोळक्यात विचारलं तर कर्णधार 4 म्हणतो आणि सगळे 4 म्हणतात. म्हणून हा प्रश्न खेळाडूच्या घरच्या पडद्यावर गेला आहे आणि इतरांचे आकडे तिथे दिसत नाहीत.

व्हिडिओ

आक्रमक सेकंदाला 6 मीटर धावत असेल, तर सेकंदाला 30 चित्रांच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये तो 20 सेंटीमीटर पुढे सरकतो. 120 ला हे अंतर 5 सेंटीमीटर होतं आणि स्तंभाला हात कुठे लागला ते दिसतं. फोन स्तंभापासून 5-6 मीटरवर, मधल्या पाटीला काटकोनात, कमरेच्या उंचीवर ठेवा. संध्याकाळी उजेड कमी झाला की शटर मंदावतं आणि हात पुसट होतो. मग 120 चाही उपयोग नाही.

शरीराचे 33 बिंदू शोधणारं, गूगलच्या मीडियापाइपचं मॉडेल लावून पाहण्यासारखं आहे, पण सुरासाठी ते टिकत नाही. ते आधी चेहऱ्याच्या आधारानं माणूस शोधतं. सूर मारताना अंग आडवं आणि चेहरा जमिनीकडे. त्यात मागे चौकात बसलेले गडी असतात, आणि बिंदू मध्येच त्यांच्यावर उडी मारतात. अशा बिंदूंवरून मुलाला 'कोपर चुकलं' सांगणं बरोबर नाही. त्यामुळे आता चित्र थांबवून सरांनी बोटानं रेघ ओढायची, एवढीच सोय ठेवली आहे. सरांना हवी होती तीच.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. व्हिडिओ फोनबाहेर जात नाही. चाचणीसाठी घेतलेलाही संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला पुसला जातो.

पुढच्या फेरीचं काम ठरलं आहे: डाव चालू असताना गुणलेखक बदलला तर फोन न बदलता नोंद कशी चालू ठेवायची. त्याची चिठ्ठी तयार आहे, पडदे अजून कागदावरच आहेत.