फणसाचं पाय फिलिंग, खेप सातवी: चोर सापडला

काल रात्री साडेअकरा वाजता मी फ्रिज उघडून एकटाच हसत उभा होतो. फणसाच्या पायचा (इंग्रजी pie) तुकडा कापून बशीत काढल्याला वीस मिनिटं झाली होती आणि फिलिंग जागचं हललं नव्हतं. कड सरळ, सुरीची रेघ स्पष्ट, बशीत पाण्याचा थेंब नाही. मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना कळेल मी का हसत होतो: आधीच्या सहा खेपांपैकी पाच रात्रीतून पातळ झाल्या होत्या. बायकोला कळलं नाही. तिने फ्रिजचं दार लावायला सांगितलं.

(घरात ‘फणसाचा पाय’ यावरून टिंगल अजून चालूच आहे. फणसाला पाय फुटले, आता पळणार, वगैरे. आणि खरं सांगायचं तर तो पळत होताच.)

प्रमाण मी मुद्दाम बदललेलं नाही, म्हणजे तुलना करता येईल. कापो (घट्ट गऱ्यांच्या) फणसाचे गरे ५०० ग्रॅम, बोटाच्या पेराएवढे तुकडे. रसाळाचा (मऊ गऱ्यांच्या फणसाचा) गाळणीतून दाबून काढलेला रस २०० मिली. पाणी १०० मिली, त्यातल्याच अर्ध्या गार पाण्यात २८ ग्रॅम कॉर्नफ्लोरची स्लरी. साखर ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ. गॅस बंद केल्यावर दोन चमचे लिंबाचा रस, आणि कोमट झाल्यावर ६० ग्रॅम मध. मध गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, सातेरी माश्यांच्या पेट्यांमधला. (गोव्यात ‘सातेरी’ म्हटलं की देवी आठवून आधी हात जोडले जातात, मग लक्षात येतं की माणूस माशीबद्दल बोलतोय.)

दुखणं काय, तर शेगडीवर सगळं उत्तम. रटरट बुडबुडे येतात, चमच्याच्या पाठीवर जाड थर बसतो, बोटाने ओढलेली रेघ तशीच राहते. रात्री शेलमध्ये ओतलं की आरशासारखी चकाकी. आणि सकाळी कढी. वर गऱ्यांचे तुकडे पोहतायत, खाली शेल भिजून लगदा. तव्यावरच्या पोळीइतक्या काळजीने ब्लाइंड बेक केलेला, म्हणजे आधी रिकामाच भाजलेला शेल!

दुसऱ्या खेपेला मी सुट्या कॉर्नफ्लोरला दोष दिला आणि पाकीटबंद आणलं. कढी. तिसऱ्या खेपेला २८ चे ३६ ग्रॅम केले. जरा दाट कढी, वर पिठूळ चव. चौथ्या खेपेला लिंबावर संशय. आंबटाबरोबर स्टार्च फार वेळ उकळला तर तो तुटतो हे खरं आहे, पण मी लिंबू पहिल्यापासून गॅस बंद करूनच घालत होतो. तरी त्या खेपेला लिंबू पूर्ण वगळलं. कढीच, आणि वर मिळमिळीत.

अननसातल्या ब्रोमेलेनसारखं एखादं एन्झाइम फणसातही हा गोंधळ करत असेल, असं बऱ्याच जणांनी लिहिलंत, त्याचं उत्तर इथेच देतो. ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. म्हणून जिलेटीनमध्ये कच्चा अननस घातला की ते जमत नाही. स्टार्चशी त्याचं देणंघेणं नाही, आणि उकळल्यावर ते तसंही उरत नाही. शिवाय मे महिन्यात कुळागरातल्या (बागायतीतल्या) अननसांचं फिलिंग केलं होतं, त्यात हाच मध होता आणि ते दगडासारखं बसलं होतं. हेच तर डोक्यात जात होतं. अननस बसतो, फणस पळतो.

मग पाचवी खेप बसली! तुम्हाला आठवत असेल, मी त्या आनंदात नव्या पातेल्यावर पानभर लिहिलं होतं. तीन थरांचं स्टीलचं, अडीच लिटरचं. उष्णता सगळीकडे सारखी लागते, कॉर्नफ्लोर तळाशी धरत नाही, म्हणून बसलं, असा माझा निष्कर्ष. पातेलं चांगलंच आहे, शब्द मागे घेत नाही. ॲल्युमिनियमच्या टोपात रसाळाचा रस खाली धरायचा आणि गोड करपट वास यायचा, तो गेला. पण श्रेय चुकीच्या माणसाला गेलं होतं. कारण सहाव्या खेपेला तेच पातेलं, तोच सपाट लाकडी कालथा, तीच आच, आणि सकाळी पुन्हा कढी.

त्या सकाळी वैतागून मी ती कढी वाटीत घेऊन प्यायला बसलो. पहिल्याच घोटाला थांबलो. रात्री चाखलं होतं त्यापेक्षा ती गोड लागत होती. थोडीच, पण नक्की. रात्रीतून फ्रिजमध्ये साखर कोण घालून गेलं?

शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग आठवला. भाताचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळ स्टार्चची साखर करते. म्हणजे माझं फिलिंग कोणीतरी चावत होतं. संशय साहजिकच घरच्यांवर. आईला विचारलं, चाखताना चमचा तोंडात घालून परत पातेल्यात घातलास का? प्रश्न संपायच्या आत चुकलो हे कळलं. सोवळ्यात आयुष्य गेलेल्या बाईला मी विचारत होतो, की तू पातेलं उष्टं केलंस का. तिने दोन तास अबोला धरला. बायकोने सांगितलं की चाखतो फक्त तूच, आणि चमचा धुतोस की नाही हे तूच आठव. धुतो. शपथ.

दुपारी भांडी घासताना ‘उष्टं’ हा शब्द डोक्यातून जाईना. आणि हातात मधाची बरणी होती. मध म्हणजे दुसरं काय? माश्यांनी फुलातला रस पोटातून आणून, एकमेकींच्या तोंडात देऊन, आपले स्राव मिसळून घट्ट केलेला. उष्ट्यांचं उष्टं! त्या स्रावांमध्येच डायास्टेज असतं, म्हणजे आपल्या लाळेत असतं त्याच जातीचं, स्टार्च तोडणारं एन्झाइम. आणि पाचव्या खेपेला सत्तरीतला मध संपला होता, म्हणून दुकानातली बाटली वापरली होती. ती ओळ मी तेव्हाच्या नोंदीत कंसात टाकून पुढे गेलो होतो.

संशयावर फाशी नको म्हणून चार वाट्या मांडल्या. कॉर्नफ्लोरची साधी खळ शिजवून चारही वाट्यांत सारखी ओतली, बोटाला सोसवेल इतकी निवू दिली. पहिलीत नुसतं चमचाभर पाणी. दुसरीत सत्तरीतला मध. तिसरीत बाटलीतला मध. चौथीत सत्तरीतलाच मध, पण थोडं पाणी घालून दहा मिनिटं उकळून, मग गार केलेला. चारही वाट्या चपात्यांच्या डब्यात कोमट पाण्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, मी मोबाइलच्या उजेडात दर अर्ध्या तासाने डबा उघडून बघतोय. आईचा अबोला इथे संपला, कारण तिला राहवेना.

दोन तासांनी पहिली वाटी उलटी केली तरी खळ पडेना. दुसरी? पाणी. शब्दशः पाणी, चमच्यावरून धारेने पडत होतं. तिसरी सैल, पण खळच. चौथी घट्ट. मग प्रत्येकीत बीटाडिनचा एक एक थेंब. आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं ना, तेच. पहिली आणि चौथी शाईसारखी. तिसरी जांभळट. दुसरीत थेंब होता तसाच तांबूस राहिला. रंग चढायला स्टार्च उरलेलाच नव्हता.

गंमत म्हणजे मधाची तपासणी मुळात अशीच होते. मधाचा डायास्टेज आकडा म्हणजे १०० ग्रॅम मध ४० अंश सेल्सियसला एका तासात किती ग्रॅम स्टार्च तोडतो, तो आकडा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात सर्वसाधारण मधासाठी तो किमान ८ लागतो. मध जितका तापवलेला किंवा जुना, तितका आकडा खाली. आता माझा हिशेब करा. आकडा फक्त ८ धरला तरी ६० ग्रॅम मध तासाला जवळजवळ ५ ग्रॅम स्टार्च खाणार, आणि माझ्या पातेल्यात आहे सगळा २८ ग्रॅम. मध मी कितीला घालत होतो? प्रोब थर्मामीटर लावून, मोठ्या शिस्तीने, ४२ अंशाला! वर पातेल्याला पंचा गुंडाळून सावकाश निवू देत होतो. एन्झाइमला पाळण्यात घालून झोके दिले म्हणायचे.

अननस का वाचला याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. अननस चांगलाच आंबट. इतक्या आंबटात डायास्टेजचं फारसं चालत नाही. पिकल्या फणसात आंबटपणा नावालाच, आणि माझे दोन चमचे लिंबू त्याला पुरे पडत नाहीत.

आणि मध कोमट झाल्यावरच का घालत होतो? कारण मध तापवायचा नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. आईला निकाल सांगितला तर ती म्हणाली, “म्होंव कोण तापयता रे?” मी म्हटलं, आई, न तापवल्याने पाच पाय गेले. ती म्हणाली, गेले तर गेले, तापवलेला मध मी खाणार नाही.

तर सातवी खेप, उकळलेल्या मधाची. मधात दोन चमचे पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं. फेस वर येतो, लक्ष ठेवा. आधी एका छोट्या वाटीत मिनिटभरच उकळून पाहिलं होतं, त्यात खळ तरीही सैल झाली. म्हणजे नुसती एक उकळी पुरत नाही. बाकी सगळं तसंच. स्लरी घातल्यावर पहिला बुडबुडा आला की गॅस बंद करणारे आपल्यात अजून आहेत. पूर्ण रटरटू द्या, आणि नंतर मिनिटभर ढवळा, पण घोटू नका. निकाल वर सांगितलाच. रात्रीची बशी, सरळ कड. सकाळीही तशीच. मी ती सकाळची बशी खिडकीत नेऊन उजेडात पाहिली. गऱ्याचे पिवळे तुकडे जेलीत अडकलेले, एकही खाली सरकलेला नाही. दहा मिनिटं तरी नुसता बघत होतो.

चव मात्र... मधाचा वास गेला. दहा मिनिटं उकळल्यावर उरतो तो गोडवा, त्यासाठी सत्तरीतला मध कशाला? आठव्या खेपेला पाच मिनिटं उकळून बघायचं ठरवलं होतं.

ठरवलं होतं, म्हणजे हे वरचं वाक्य लिहीपर्यंत. आत्ता लिहिता लिहिताच वाटतंय की मध पातेल्यात हवाच कशाला? फिलिंगमध्ये माडाचं काळं गोड (म्हणजे गूळ) किसून घालावं, फणसाशी त्याचं जुनं नातं आहे. ते माडाची सूर, म्हणजे झाडातून काढलेला गोड रस, आटवून आटवून केलेलं असतं, एन्झाइमचा प्रश्नच नाही. आणि कच्चा मध वाढताना तुकड्यावर वरून सोडायचा. गार पायवर खाईपर्यंतच्या पाच मिनिटांत तो काय बिघडवणार? वासही राहील आणि आईही खाईल. पाच मिनिटांची खेप रद्द. आठवी खेप गोडाची: साखर ८० वरून ३० वर, गोड १०० ग्रॅम. गोडाचा खारटपणा पाहता मीठ वगळेन.

दुसरं सुचलंय ते श्रावणासाठी. पातोळ्यांसारखा हळदीच्या पानाचा वास या फिलिंगला द्यायचा. पान रसाबरोबर उकळायचं आणि स्लरीआधी काढून टाकायचं. अडचण अशी की पानं हाताएवढी होईपर्यंत फणस संपलेला असतो. म्हणजे फिलिंग आत्ता करून फ्रीझरमध्ये. आणि कॉर्नफ्लोर तिथे दगा देतो, बर्फ सुटला की जेली स्पंजासारखी होऊन पाणी टाकते. आरारूट किंवा टॅपिओका त्या बाबतीत बरे. पण आरारूट म्हणून एका दुकानातून आणलेली पुडी शिजवली तर दुधट पांढरी खळ झाली. आरारूट शिजून काचेसारखं पारदर्शक व्हायला हवं. तो कॉर्नफ्लोरच होता, दुप्पट भावाचा. कोणाकडे खात्रीची तवकीर असेल तर सांगा. तवकीरही हळदीच्याच कुळातली, तेव्हा हळदीच्या पानाशी तिचं जुळायला हरकत नसावी. नाहीतर नुसता गऱ्यांचा रस फ्रीझ करायचा आणि घट्ट करायचं काम श्रावणातच करायचं. हे जास्त सोपं आहे, नाही का? तेच करतो. पण तवकीर तरीही हवी आहे.

ओव्हनचं थोडक्यात: पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून तीन शेल एकदम भाजून हवाबंद डब्यात ठेवलेत. वजनाला वाल वापरले. तांदळापेक्षा बरे, कडेला घुसतात.

शेजारच्या आंटीला २४ तारखेला सांजांवसाठी (गोव्यातला सेंट जॉनचा सण) एक पाय कबूल करून बसलोय, तोही सहाव्या खेपेच्या आधीच्या उत्साहात. तिच्याकडे नवा जावई येतोय, म्हणजे कढी चालणार नाही. रविवारपर्यंत गोडाची खेप बसली तर ती, नाहीतर उकळलेल्या मधाची सातवी. कापोच्या झाडावर आता दोनच फणस उरलेत. त्यातला एक माकडांनी हेरून ठेवलाय, सकाळपासून दोघं त्याच फांदीवर बसून आहेत.