मालवण की वेंगुर्ला? जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही कसं ठरवलं

2026 ची 26 जानेवारी सोमवारी येतेय हे कॅलेंडरात दिसलं आणि आमच्या घरात नोव्हेंबरातच वादाला तोंड फुटलं. तळकोकणात जायचं यावर सगळ्यांचं एकमत. घोडं अडलं ते मालवण की वेंगुर्ला यावर. मुलाला स्कुबा करायचं होतं, त्यामुळे त्याच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना ‘चार घटका निवांत बसता येईल’ असं गाव हवं होतं. नवऱ्याला मासे. धाकटीला वाळू मिळाली की झालं, आणि वाळू दोन्हीकडे फुकट. राहिले मी, म्हणजे बुकिंग खातं.

दोन्ही गावांच्या ‘बघण्यासारखी ठिकाणं’ अशा याद्या ढिगाने मिळतात, पण त्या वाचून निर्णय होत नाही. मालवणला सिंधुदुर्ग, तारकर्ली, देवबाग. वेंगुर्ल्याला बंदर, दीपगृह, सागरेश्वर, आणि जरा खाली उतरलं की आरवली, शिरोडा, रेडी. दोन्ही पानं वाचून झाली की माणूस होता तिथेच. म्हणून मी याद्या बाजूला ठेवल्या आणि तीन गोष्टी कागदावर मांडल्या: कुठल्या वारी कुठे पोचणार, बरोबर कोण आहे, आणि गर्दी कुठल्या दिवशी कुठे असेल.

सगळ्यात आधी गाडी. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 दिवस होतं, ते नोव्हेंबर 2024 पासून बदललं. जोडून सुट्टी असली की कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या सकाळी आठला उघडतात आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत वेटिंगला जातात. तेव्हा गाव ठरायची वाट बघत बसलो असतो तर घरीच बसलो असतो. इथे कुडाळ कामी आलं. कुडाळ स्टेशनवरून मालवण आणि वेंगुर्ला दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर आहेत, पाऊण-एक तासाचा रस्ता. वेंगुर्ल्याला सावंतवाडी स्टेशनही चालतं, पण कुडाळचं तिकीट काढलं की दोन्ही दारं उघडी राहतात. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या जाताना मिळाली, सोमवारी संध्याकाळची परतीची गाडी आरएसीवर मिळाली, आणि भांडण पुढे चालू ठेवायला आम्ही मोकळे झालो.

(चिपीचा विमानतळ याच दोन गावांच्या मध्ये आहे, 2021 मध्ये सुरू झाला. पण पाच माणसांचं विमानाचं भाडं बघून तो विषय मी घरात काढलाच नाही.)

मग खोल्या. मालवण-तारकर्ली भागात फोन लावायला सुरुवात केली तेव्हा डिसेंबर उजाडला होता. एका ठिकाणी शनिवार-रविवारचा दर नेहमीच्या दीडपट. दुसऱ्याने सांगितलं, तीन रात्रींचं पॅकेज घ्या, दोन रात्री देत नाही. तिसऱ्याकडे खोली होती, पण पहिल्या मजल्यावर आणि बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर जायचं. ते ऐकून सासूबाईंनी जपमाळेवरून मान वर करून माझ्याकडे नुसतं बघितलं. मालवणवाल्यांचं काही चुकत नाही म्हणा, गिऱ्हाईक आहे तर दर चढणारच. त्यात जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. मुंबई-पुण्याकडच्या ज्याला त्याला तो आता बघायचाच आहे.

वेंगुर्ल्याला मात्र दुसऱ्याच फोनला तळमजल्यावरची खोली मिळाली. अंगण, माड, जेवण घरचं. ‘सकाळी गाडीने येणार असाल तर बारापर्यंत ताटकळत ठेवणार नाही, खोली झाडून ठेवतो,’ असं मालक आपणहून म्हणाले. माझा कौल तिथेच पडला होता. पण घरातल्या लोकशाहीत असं एकदम जाहीर करता येत नाही.

तिढा सुटला तो सासूबाईंच्या वारांमुळे. सोमवारी त्या मासे खात नाहीत हे माहीतच होतं. पण कालनिर्णय उघडून त्यांनी दाखवलं की रविवारी रथसप्तमी आहे, म्हणजे तोही दिवस गेला. “मग माझ्या वाटणीला शनिवार तेवढा राहिला गो,” त्या म्हणाल्या. आणि त्यांना कोकणात नेऊन मासे न घालणं म्हणजे घोर पाप. म्हणजे शनिवारी दुपारी जिथे असू तिथे जेवण घरचं, ताजं आणि वेळेवर मिळायला हवं. शनिवार दुपार म्हणजे मालवणात गर्दीचा कळस. नावाजलेल्या खानावळींबाहेर नंबर लावून तासभर उभं राहायचं, गुडघे घेऊन, रात्रभर गाडीत अंग आंबवून? नवऱ्याचंही मत तिथे फिरलं.

शेजारच्या काकू मूळच्या आरवलीच्या. त्यांच्याकडे विषय निघाला तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: “मालवण बघून येवा, पण रवाक वेंगुर्ल्याकच जावा.” (रवाक म्हणजे राहायला.) मी त्यात माझा एक मुद्दा घातला. जोडून आलेल्या सुट्टीत शनिवार-रविवारी लोक पोचतात आणि सोमवारी सकाळी सामान बांधत असतात. मग आपण उलटं करायचं. दोन रात्री वेंगुर्ल्याला, आणि सोमवारी भल्या पहाटे निघून मालवण. किल्ला आणि स्कुबा उरकून तिथूनच कुडाळला गाडी पकडायची. परत वेंगुर्ल्याला यायचं नाही. या एका गोष्टीमुळे तिसरा दिवस वाया गेला नाही. ‘एकात राहू, दुसरं जाऊन-येऊन करू’ असं बरेच जण म्हणतात, पण नकाशावर दोन गावं जवळ दिसतात तेवढी ती नाहीत. मध्ये कर्लीची खाडी आहे. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की पलीकडचं भोगवं हाताच्या अंतरावर दिसतं. होडीने काही मिनिटं. रस्त्याने मात्र खाडीला वळसा घालून पुलावरून यावं लागतं. मालवण ते वेंगुर्ला साधारण 45 किलोमीटर, वळणावळणांचे, सव्वा-दीड तास धरावा. जाऊन-येऊन म्हणजे अर्धा दिवस गाडीतच.

मुलाला हे पटवणं बाकी होतं. स्कुबा शेवटच्या दिवशी? आणि समुद्र खवळला तर? जानेवारीत समुद्र सहसा शांत असतो आणि पाणीही बऱ्यापैकी नितळ, हे मी त्याला दोन-तीन जाणकारांच्या तोंडून ऐकवलं. (मे संपत आला की हे सगळं बंद होतं आणि पावसाळाभर किल्ल्याच्या होड्याही बंद. जूनमध्ये मालवणला जाऊन किल्ला धक्क्यावरून बघून आलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.) तरी त्याचं तोंड रथसप्तमीपर्यंत फुगलेलंच होतं.

शनिवारी सकाळी कुडाळला उतरलो. स्टेशनवरून एसटीही आहे, पण सामान आणि सासूबाई बघून आम्ही रिक्षा केल्या. वेंगुर्ल्यात पोचल्यावर नवरा मालकांबरोबर मासळी बाजारात गेला, मीही गेले. बाजार छोटा, पण काय एकेक जण. बांगडे वाट्याने मांडलेले, पाठीवर निळी-हिरवी झाक अजून चमकत असलेले. एक मावशी पाटावर सुरमईच्या तुकड्या पाडत होत्या, कोयता वर न बघता चालत होता, आणि त्याच वेळी शेजारणीशी भांडणही. मालकांनी बांगड्याच्या कल्ल्याला बोट लावून आत लाल आहे ना बघितलं, मग दराची घासाघीस मालवणीत झाली. आम्ही गप्प उभे. तासा-दीड तासाने तोच बांगडा तिरफळं घालून ताटात आला. सासूबाईंनी सोलकढीची तिसरी वाटी मागितली तेव्हा वेंगुर्ला जिंकलं होतं.

संध्याकाळी बंदरावर गेलो. धक्का, टेकडीवरचं दीपगृह, नवाबागेच्या बाजूचा झुलता पूल. डच वखार मात्र बाहेरून बघण्यापुरतीच उरलीय. सतराव्या शतकात डचांनी इथे व्यापाराचं ठाणं मांडलं होतं, आज भिंतींतून झाडं उगवलीत. ‘ऐतिहासिक वास्तू’ म्हणून मोठी अपेक्षा धरून जाऊ नका, पाच मिनिटांचं काम आहे.

रविवार सासूबाईंचा. सकाळी अंगणात त्यांनी सूर्याला अर्घ्य दिलं, मालकिणीने खीर केली, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मग रिक्षाने आरवलीला. वेतोबाचं देऊळ मी आधी फोटोत बघितलं होतं, पण तिथल्या चपला समोर बघाव्या लागतात. नवसाला वाहिलेल्या, चामड्याच्या, माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत सहज भरतील एवढ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. धाकटीने चप्पल उलटी करून तळ दाखवायला सांगितला. पुजाऱ्यांनी हसत हसत एक जुनी जोडी दाखवलीही. सोबत केळ्यांचे घड वाहायची पद्धत आहे, तेव्हा देवळात केळ्यांचा वास कायम. तिथून शिरोड्याला वेळागरची पुळण. वाटेत मिठागरं लागतात. 1930 मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो इथलाच. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत आलंय, त्यामुळे तो गाडी थांबवून उतरला. माझ्या मते तेवढ्यावर रविवार वसूल झाला. दुपारनंतर सुरूच्या बनात सासूबाई तीन तास खुर्चीवर बसून होत्या आणि कोणी त्यांना ‘चला’ म्हटलं नाही.

काजू घ्यायचे तर वेंगुर्ल्यालाच घ्या. इथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्यात, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा नावांच्या, त्यांची कलमं कोकणभर गेलीत, आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही आहे. सालीसकटचा भाजलेला काजू मागा, पांढराशुभ्र नको.

सोमवारी साडेसहाला निघालो, अंधार होता. आठच्या सुमारास मालवणच्या धक्क्यावर. गणित बरोबर आलं: रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या जास्त, धक्क्यावर रांग छोटी. नवरा आणि मुलगा स्कुबाला, आम्ही तिघी किल्ल्याला. स्कुबाला पोहता यावं लागत नाही, पण फॉर्म नीट वाचा. दमा, कानाचं दुखणं असेल तर लपवू नका, आणि न्याहारी हलकी ठेवा. धाकटी वयात बसत नव्हती, तिने रडून घेतलं.

सासूबाईंना होडीत चढवणं हीच खरी परीक्षा होती. होडी लाटेवर वर-खाली होत असते आणि पाऊल कधी टाकायचं ते आपल्याला कळत नाही. होडीवाल्याने त्यांचा दंड धरला, “आजी, मी सांगीन तेव्हाच,” म्हणाला, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसऱ्याला उचलून घेतल्यासारखं आत घेतलं. ज्येष्ठांना न्यायचं असेल तर सकाळची वेळ आणि भरतीच्या आसपासची वेळ साधा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उतरताना खडकावरून जास्त कसरत होते. किल्ल्याचा दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तटात लपवलेला आहे. कुरटे बेटावर 1664 मध्ये काम सुरू झालं, पाया घालताना शिसं ओतलं असं सांगतात. आत शिवराजेश्वराच्या देवळात सासूबाई टेकल्या, मी आणि धाकटी दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून आलो. चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात, तेव्हा तटावरून पूर्ण फेरी मारायचा हट्ट धरला तर धावपळ होते. आम्ही धरला नाही.

दुपारी मालवणात जेवलो. शाकाहारी थाळीला खानावळीत लगेच जागा मिळाली, माशांच्या टेबलांवर तेव्हाही गर्दी होती. मुलाच्या तोंडावर मास्कचा लाल गोल उमटलेला आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. पाण्याखालचे मासे, पाण्याखालचे इशारे, पाण्याखालचा व्हिडिओ. तारकर्ली राहिलीच. देवबागही राहिलं. पाच वाजता खाजाची पाकिटं घेऊन कुडाळचा रस्ता धरला, आरएसीचं तिकीट तोवर पक्कं झालं होतं.

तुमच्याबरोबर कोणी म्हातारं माणूस नसेल, सगळ्यांना पाण्यात उतरायचं असेल आणि सुट्टी जोडून आलेली नसेल, तर सरळ तारकर्ली-देवबागला राहा, माझं काही म्हणणं नाही. फेब्रुवारीत जाणार असाल तर मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघून घ्या. ती पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि एकदा जाहीर झाली की कुडाळचं तिकीट विसरा.