भरवत का नाही, विचारलंत म्हणून

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात हा प्रश्न येतो. आजी असतील तर थेट विचारतात, "मावशी, तुम्ही याला भरवत का नाही?" आई असेल तर जरा आडून, "काल कानामागे भात सापडला हो. जेवला होता ना नीट?" दोघींच्या मनात एकच असतं: पोर उपाशी राहतंय, वर अंगभर बरबटतंय, आणि या बायका नुसत्या बघत बसतात. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर होत नाही. खाली रिक्षा थांबलेली असते आणि मूल कडेवर किरकिरत असतं.

कष्ट वाचवायला आम्ही हे करत नाही, एवढं आधी सांगू द्या. भरवायचं ठरवलं तर दोन बायका ६ मुलांचं जेवण १५ मिनिटांत उरकतील. मुलं आपल्या हाताने जेवतात तेव्हा अर्धा तास जेवण, मग तेवढाच वेळ हात-तोंड धुणं, कपडे बदलणं, फरशी. गुरुवारी पाणी बंद असलं की तर बुधवारी रात्रीच बादल्या भरून ठेवाव्या लागतात. तरीही करतो, कारण खाणं शिकावं लागतं आणि शिकायचं वय हेच आहे.

६ महिने पूर्ण झाले, मान धरली, आधाराने ताठ बसायला लागलं, घास जिभेने बाहेर ढकलायचं थांबलं, की बाळ हाताने खायला तयार असतं. पण त्याची पकड कुठवर आली आहे हे बघून तुकडा द्यायचा असतो, आणि घरोघरी नेमकं उलटं होतं. बाळ लहान म्हणून तुकडाही बारीक करतात. ७ महिन्यांचं मूल सगळं मुठीने धरतं. बारीक तुकडा मुठीत गेला की तो त्याच्या तोंडाला मिळतच नाही. त्याला आपल्या बोटाएवढी लांब फोड लागते, म्हणजे निम्मी मुठीत आणि निम्मी वर उरते. लाल भोपळा, रताळं, गाजर, सगळं इतकं शिजलेलं की अंगठा आणि पहिल्या बोटात दाबलं तर चिरडावं. ९-१० महिन्यांच्या आसपास चिमूट जमायला लागते. मग इडलीचे छोटे तुकडे, चेपलेला वाटाणा, चिकट भाताच्या लहान गोळ्या. ताटलीत एका वेळी दोन-तीनच ठेवायच्या. दहा ठेवल्या तर सगळ्या एकदम कोंबतं, नाहीतर हाताच्या फटक्यात खाली जातात.

चमच्याचं गणित वेगळं. मनगट वळवणं दीड वर्षाच्या सुमाराला नीट जमतं, तोवर तोंडाशी पोचेपर्यंत चमचा उलटा होतो. म्हणून वरण-भात घट्ट हवा. चमचा उलटा धरून तीन आकडे मोजा. पडला नाही तर बरोबर. पातळ वरणाच्या वरच्या पाण्याने पोट भरल्यासारखं होतं आणि अंगी काही लागत नाही, भरवलं तरी आणि नाही भरवलं तरी. चमचा आखूड दांड्याचा, ताटली उभ्या काठाची, म्हणजे भात काठाला टेकवून उचलता येतो. वाटीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. आणि पाय! पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळतं, पाठ वाकते, गिळणं अवघड होतं. उंच खुर्ची असेल तर पायाखाली डबा किंवा पाट बांधा. नसेल तर जमिनीवर बसवून पुढे बसका चौरंग, कोपराच्या उंचीचा. आम्ही तेच वापरतो.

पसाऱ्याला उपाय आहेत, फक्त मूल जेवत असताना करायचे नसतात. चौरंगाखाली जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड प्लॅस्टिक, दीड मीटर बाय दीड मीटर. वर्तमानपत्र नको, ओलं झालं की फरशीला चिकटतं. सांडलेला भात लगेच ओल्या फडक्याने पुसला तर नुसता फासला जातो. तासाभराने शितं वाळतात आणि झाडूने निघतात. गूळ-तूप सांडलं तर मात्र लगेच, नाहीतर मुंग्या. हळदीचे डाग धुऊन ओले असतानाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिकट होतात. दर घासाला तोंड पुसू नका. दर दोन मिनिटांनी कुणी तोंडावर फडकं फिरवलं तर कुणाचंही जेवणावरून मन उडेल.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे काही घरं आमच्यावर अजून राग धरून आहेत.

१० महिन्यांची मुलगी होती. दुपारी साडेबारा वाजता तिची आजी लवकर न्यायला आली. मुलगी चौरंगाशी बसली होती आणि तोंडात पोळीचा तुकडा होता. तिला उमासा आला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, घशातून आवाज. हा उमासा म्हणजे शरीराने घेतलेली खबरदारी असते. मोठ्या माणसाला जिभेच्या मुळाशी लागलं की तो येतो. बाळाला मात्र जिभेवर बरंच पुढे काही टेकलं तरी येतो, म्हणून सुरुवातीचे महिने दिवसातून चार वेळा दिसतो. आवाज येतोय, खोकला आहे, रंग लाल आहे, तोवर जवळ बसायचं आणि हात लावायचा नाही. आमच्या ताई तशाच बसल्या होत्या. आजींनी ते पाहिलं, चपलांसकट धावत आल्या आणि तुकडा काढायला बोट घशात घातलं.

तुकडा मागे गेला. आवाज थांबला.

अडकणं असं गप्प असतं. रडू नाही, खोकला नाही, ओठ निळसर व्हायला लागतात. ताईंनी तिला उचलून आडव्या हातावर पालथं घेतलं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध थाप दिली. अशा ५ थापा द्यायच्या असतात. तेवढ्याने निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा ५ थापा, आणि दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावायचा. चौथ्या थापेला तुकडा पडला आणि मुलगी रडली. त्या रडण्यासारखा चांगला आवाज नाही. आजी पायरीवर बसून कापत होत्या. सोमवारपासून मुलगी यायची बंद झाली.

मी कितीतरी दिवस म्हणत राहिले की चूक बोटाची होती. ती होतीच. न दिसणारा तुकडा बोटाने काढायला जाऊ नये, तो आत ढकलला जातो. पण तो तुकडा कोरड्या पोळीचा होता, आणि पोळी आम्ही दिली होती. कोरडी पोळी हिरड्यांनी चावली की तिचा चिकट गोळा होतो, टाळूला धरतो. आता पोळी वरणात भिजवूनच देतो. दुसरी चूक त्याहून मोठी. आईला आम्ही सगळं समजावलं होतं, पण मुलीला न्यायला रोज आजी यायच्या आणि त्यांना कुणी काही दाखवलं नव्हतं. आता न्यायला जो येईल त्याला, आजोबा असोत की शेजारच्या काकू, उमासा कोणता आणि अडकणं कोणतं हे बाहुलीवर दाखवतो. वर्षाच्या वरच्या मुलाला छातीऐवजी पोटावर दाब देतात, तेही.

काही गोष्टी आम्ही देतच नाही, कितीही मागितल्या तरी: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, कच्चं गाजर, सफरचंदाची कच्ची फोड. द्राक्ष उभं चिरून चार फाका. आणि खाताना बसलेलं असलंच पाहिजे. रांगताना, हसवताना, गाडीवर पुढे उभं करून काहीही नाही.

राहिला उपाशीपणाचा प्रश्न. ६ महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात होते. ९ ते ११ महिन्यांत एका वेळी २५० मिलिलिटरची अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक. पण हा अंदाज आहे, हप्ता नव्हे. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्यात फार तर दोन-अडीच किलो वाढतं. म्हणून वाढदिवसानंतर भूक कमी होते आणि घाबरलेलं घर दुधाची बाटली पुढे करतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की जेवणाला जागा उरत नाही, रक्तातलं लोहही कमी पडायला लागतं. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण ठरवावं. किती खायचं ते पोट ठरवेल. मान फिरवली, चमचा फेकला, म्हणजे संपलं.

हे मी आज ठामपणे लिहिते आहे. पूर्वी मीच भिंतीवर तक्ता लावला होता, प्रत्येकाच्या नावापुढे वाटीची खूण, आणि पालक आले की अभिमानाने दाखवायचे. वाटी संपावी म्हणून मोबाइलही समोर धरला आहे. तेव्हा मुलं जास्त जेवायची, हे खोटं नाही. कधी थांबायचं हे मात्र त्यांना कळत नव्हतं आणि मलाही नाही. आजारी मुलाला, वजनाची रेघ खाली झुकलेल्या मुलाला आजही मी भरवते, डॉक्टरांना विचारून. मग बाकीच्यांना का नाही, असं एका आईने विचारलं तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आणि आज्यांचं म्हणणं मला कळतं. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, यात पोट भरण्यापेक्षा बरंच काही आहे. रविवारी आजीच्या मांडीवर तसं जेवलेलं मूल सोमवारी चौरंगाशी बसतं, हात मांडीवर ठेवतं आणि माझ्याकडे बघून तोंड उघडतं. मी चमचा त्याच्या मुठीत देते. ते घेत नाही, तोंड तसंच उघडं. कधीकधी पहिला घास मीच देते.