अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या रंगाखालचे फोड

पाऊस ओसरला की खडकवासल्याच्या बाजूला सकाळी भेटणाऱ्या सायकलवाल्यांत हा विषय निघतोच, की फ्रेमच्या रंगाला फोड आलेत, खाली पांढरं काहीतरी दिसतंय, आता काय करू. उत्तरं दोनच मिळतात. एक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही, सोड. नाहीतर एकदम दुसरं टोक, फ्रेम गेली, विकून टाक. मला दोन्ही पटत नाहीत, आणि यात चांगल्या चांगल्या फ्रेम वाया जातात म्हणून सविस्तर लिहितोय.

लाल गंज चढत नाही हे खरंय. हवा लागली की अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा अगदी पातळ, काही नॅनोमीटरचा थर बसतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. पण मीठ आलं की हा थर फुटतो. आणि मीठ म्हणजे फक्त कोकणातली खारी हवा नाही, ट्रेनरवर (घरात सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) बसल्यावर टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर ठिबकणारा घाम पण आला त्यात, बाटलीतून सांडणारं ओआरएस पण आलं. रंगाचा कुठे टवका उडालेला असला किंवा बोल्टच्या कडेला रंग चिरलेला असला की तिथून हे खारं पाणी आत शिरतं आणि मग रंगाखालून दोऱ्यासारख्या बारीक रेषा पुढे पुढे सरकत जातात, याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. रेषेचं पुढचं टोक ओलं आणि आम्लधर्मी असतं, धातू तिथे खाल्ला जातो, मागे पांढरी पावडर उरते, तिला जागा जास्त लागते म्हणून वरचा रंग फुगतो. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात चालतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको.

माझ्या फ्रेमला, ६०६१ नावाच्या अ‍ॅल्युमिनियम अलॉयची आहे, फोड आले ते डाउन ट्यूबवर (खालची तिरकी नळी) बॉटल केजच्या, म्हणजे बाटलीच्या स्टँडच्या बोल्टभोवती. स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब आणि मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. दुकानातले दादा म्हणाले पूर्ण फ्रेम पावडर कोटिंगला (रंगाची पूड मारून भट्टीत भाजतात ते) देऊन टाका, मी म्हटलं नको, दोन बोटं जागेसाठी कशाला.

बोहरी आळीतून वॉटर पेपर आणला. सुटलेला रंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला, घट्ट रंग लागेपर्यंत, कारण फोड जेवढा दिसतो त्याच्या पुढेपर्यंत रंग सुटलेला असतोच. मग २४० आणि नंतर ४०० नंबर, खड्ड्यांतला पांढरा-काळा ठिपका पूर्ण जाऊन धातू चकचकीत होईपर्यंत. इथे घाई नको, पावडर राहिली तर वरून कितीही भारी रंग मारा, पुन्हा फुगणार. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूल तर अजिबात नको, लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तिथूनच परत सुरू होतं. कॉस्टिकवालं पेंट रिमूव्हर पण नको, ते रंगाबरोबर धातूही खातं. नंतर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्याच दिवशी प्रायमर. साधा लोखंडाचा प्रायमर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर धरत नाही, एकतर गाड्यांचे पेंटर वापरतात तो वॉश प्रायमर घ्या किंवा थेट इपॉक्सी प्रायमर, एकावर एक दोन्ही नको. वर टच-अप रंग आणि पारदर्शक क्लिअर कोट. शेड किंचित वेगळी दिसते, मला चालते. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, कडेने नवीन रेष आलेली नाही.

पण फोड कुठे आहे ते नीट बघा हं. ट्यूबच्या मधोमध असेल आणि खड्डा वरवरचा असेल तर हे घरी होतं. वेल्डच्या कडेला, बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, पेडलची धुरी बसते ती जागा), हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) खाली असेल किंवा खरवडल्यावर आडवी बारीक रेघ दिसली आणि ती घासूनही जात नसेल, तर ती सायकल चालवू नका, आधी फ्रेमचं काम कळणाऱ्या माणसाला दाखवा. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलसारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा, म्हणजे ज्याखालचे धक्के कितीही बसले तरी चालतं अशी पातळी, नसते, खड्ड्यातून सुरू झालेली चीर प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी वाढत राहते आणि घाट उतरताना हे फार महागात पडू शकतं.

आणि फोड सगळीकडेच असतील, पावडर कोटिंग करायचंच असेल, तर भोसरीला वगैरे जिथे गेट आणि ग्रिल करतात तिथे नुसती फ्रेम ठेवून येऊ नका. आधी विचारा, जुना रंग कसा काढणार. जाड ग्रिटने ब्लास्टिंग केलं तर ट्यूबची भिंत झिजते, पुष्कळ फ्रेममध्ये ती मधोमध जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. भट्टीचं तापमान आणि वेळ पण विचारा, २०० अंशाला काही मिनिटं वेगळी आणि दुसऱ्या मालाबरोबर तासन्‌तास आत राहणं वेगळं, या अलॉयची ताकद उष्णता देऊनच आणलेली असते आणि जास्त भाजलं तर ती उतरते. बीबीचे आटे, हेडसेटच्या म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या जागा, मागचा गिअर लागतो तो हँगर, सगळं झाकून घ्यायला सांगा. फ्रेम परत आल्यावर प्रत्येक बोल्ट ग्रीस लावूनच बसवायचा, आणि अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर त्यालाही ग्रीस, नाहीतर तो आतल्या आत असा धरतो की काढताना फ्रेमच जाते.