वारा फिरला की फोन करा

मार्च २०२३. गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे लागून चार-पाच दिवस झाले होते. सत्तरी तालुक्याच्या खालच्या भागात नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. आम्ही सहाजण मात्र सुर्लाच्या वरच्या अंगाला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या उभ्या चढावर होतो. मी फॉरेस्ट गार्ड. आमच्याकडे एक ब्लोअर, कोयते आणि दाताळी. बाकी मदार हिरव्या डहाळ्यांवर.

त्या सकाळी आगीचा सॅटेलाइट अलर्ट आमच्या फोनवर आलाच नाही. धूर तर समोर दिसत होता. त्या अलर्टमधला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा चौकोन. आग हद्दीच्या दगडापासून शंभर पावलांवर असेल तर ठिपका कुणाच्या राज्यात पडेल, याचा नेम नसतो. त्या दिवशी तो पलीकडे पडला होता.

दिवस कसले होते तेही सांगायला हवं. डिसेंबर २०२२च्या अखेरीस केंद्रीय जल आयोगाने म्हादई नदीचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला मान्यता दिली आणि गोवा पेटून उठला. जानेवारीत सभा, मोर्चे झाले. अभयारण्याचं पाणी वळवू नका म्हणून वन्यजीव कायद्याच्या कलम २९खाली आमच्या बाजूने कर्नाटकला नोटीस गेली. म्हणजे जंगलाचा कायदाच त्या भांडणात उतरला होता. अशा वेळी पलीकडच्या गार्डशी बोलणं सोपं नव्हतं, आणि त्याचा नंबरही आमच्यापैकी कुणाकडे नव्हता.

नंबर मिळाला तो सोयरिकीमुळे. आमच्याबरोबरच्या फायर वॉचरची बहीण कणकुंबीच्या बाजूला दिलेली. त्याने दाजींना फोन लावला, दाजींनी आणखी कुणाला, आणि वीस मिनिटांत माझ्या हातात पलीकडच्या गार्डचा नंबर होता. रीतसर पत्र गेलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

मी गोवा फॉरेस्टमधून बोलतोय म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. मग थेट विचारलं, "वारा कुठला हाय तिकडं?" घरी मराठी बोलणारा, खानापूर तालुक्यातला माणूस. त्याच्या त्या प्रश्नावरूनच कळलं, की याने आग विझवलेली आहे. दुपारी दर्याकडचा वारा चढतो तशी आग वर, त्यांच्या भीमगडच्या जंगलाकडे धावते. पहाटे घाटमाथ्यावरून वारा उतरतो आणि तीच आग आमच्याकडे परत येते. त्या वर्षी दर्याचा वारा रोज उशिरा सुटत होता, त्यामुळे हातात थोडा वेळ होता.

ठरलं असं, की त्यांनी वर धारेवर सुकं गवत खरवडून जाळरेषा काढायची, आम्ही खालून दोन्ही कडा दाबत यायचं. दोनच्या सुमाराला ते चौघं वर दिसले. रेषा सुरेख काढली होती, दोन हात रुंद, खाली माती दिसेपर्यंत. पण हद्दीच्या दगडाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, एक पोखरलेला जुना किंजळ वृक्ष आतून धुमसत होता. वरच्या भोकातून ठिणग्या उडत होत्या आणि वारा सुटला असता तर त्या सरळ रेषेच्या पलीकडे पडल्या असत्या. पाण्याचे दोन कॅन त्यांच्याकडे, आणि आम्ही अजून बरेच खाली.

मी ओरडून सांगितलं, "दादा, या की पुढे, चाळीस पावलं आहेत!"

तो दगडापाशी थांबला. म्हणाला, "साहेब, माझ्या अंगावर कर्नाटकचा खाकी हाय. कुणी फोटो काढला तर उद्या टीव्हीवर काय येईल?"

मला उत्तर सुचेना, कारण तो बरोबर बोलत होता. मग त्याने शर्ट काढला, घडी घालून दगडावर ठेवला, ओला पंचा डोक्याला गुंडाळला आणि बनियनवर खाली उतरला. दोघांनी कॅन उचलले, तिसऱ्याने कोयत्याने बुंध्यातली ढोली मोठी केली. पाणी आत ओतल्यावर झाडातून फुस्स असा आवाज आला आणि वाफेने सगळे दिसेनासे झाले. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या दंडावर पोळल्याचा फोड होता. माझ्याकडची बर्नॉलची ट्यूब मी त्याला दिली. त्याने फोडाला लावून परत केली आणि शर्ट चढवून पुन्हा दगडापलीकडे गेला.

विझवायला निघालेल्या माणसाला शर्ट काढावा लागला, हे मी विसरू शकत नाही. पाणी वळवायला माझा विरोध आहे आणि तो राहणार. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने २०१८मध्ये निवाडा दिला, वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे तो लढू दे. पण म्हादई आणि भीमगड एकमेकांना लागून असलेली अभयारण्यं आहेत. या पट्ट्यातला अलर्ट दोन्हीकडच्या गार्डना एकदम जावा. दर जानेवारीत दोन्ही बाजूंच्या गार्डांची नावं-नंबर एका कागदावर असावेत. आग विझवायला हद्द ओलांडली तर खुलासा मागू नये, असं लेखी असावं. यात कुठल्याही सरकारला पाण्याचा एक थेंब सोडावा लागत नाही.

त्या रात्री आम्ही सुर्लातच झोपलो. पहाटे साडेचारला फोन वाजला. "वारा फिरला. तुमच्याकडं उतरायलाय. उजवीकडच्या घळीत एक ओंडका अजून लाल दिसतोय, तो बघा आधी." आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो. ओंडका तिथेच होता, दोन दगडांच्या आधाराने अडकलेला, सुटला असता तर घरंगळत थेट खालच्या कारवीत. सहाजणांनी मिळून माती लोटून तो पुरला. तोवर उजाडलं होतं. मी त्याला फोन लावून सांगितलं, पुरला म्हणून.